‘काय फवारू?’ या प्रश्नाआधी : परसबागेतील गप्पा आणि कीड-निरीक्षण

परसबागेत, गच्चीवर किंवा बाल्कनीतील कुंड्यांत भाजीपाला पिकवणारी मंडळी एकत्र आली की त्यांचे बोलणे बहुधा तीन गोष्टींभोवती फिरते : हवा कशी आहे, वेलीला काय धरले आहे आणि त्यातले आज पानात काय आले. ‘दोन दिवस आभाळ भरून आहे, लगेच चवळीवर मावा चढला.’ ‘दुधीला फुले भरपूर, पण बाळफळे पिवळी पडून गळतात.’ ‘वरून इतके सुरेख वांगे, चिरले तर आत अळी.’ ऐकणाऱ्याला ही घरगुती कुरकुर वाटते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र या वाक्यांत कीड-सर्वेक्षणाच्या तक्त्यातील जवळजवळ सर्व रकाने भरलेले दिसतात : पीक, पिकाची अवस्था, हवामान आणि नुकसानीचा प्रकार. अडचण एवढीच की अशा वाक्याच्या पाठोपाठ ‘मग काय फवारू?’ हा प्रश्न येतो, कोणीतरी एखाद्या औषधाचे नाव सांगून टाकतो आणि मूळ निरीक्षण तिथेच विरून जाते.

प्रस्तुत लेखात अशीच काही नेहमीची वाक्ये घेऊन त्यांतील बरोबर काय, अपुरे काय आणि त्यावरून पुढे काय तपासावे हे मांडले आहे. या वार्तापत्राचे वाचक महाराष्ट्र व गोव्याबाहेर इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळूरू, चेन्नई, दिल्ली अशा ठिकाणीही आहेत. त्यामुळे उदाहरणे निरनिराळ्या प्रदेशांतील घेतली आहेत.

आभाळ आणि मावा

‘आभाळ आले की मावा येतो’ हे निरीक्षण खरे आहे. मात्र मावा ढगांबरोबर ‘येत’ नाही. तो चवळीच्या, वालाच्या किंवा मोहरीच्या कोवळ्या शेंड्यावर थोड्या संख्येने आधीच बसलेला असतो. आपल्याकडील उष्ण प्रदेशांत माव्याच्या माद्या बहुतांशी नराशिवायच आणि अंडी न घालता थेट पिल्ले देतात. त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीचे भ्रूण आधीच वाढू लागलेले असतात. हवा मानवली तर नवे पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागते. पाच-सहा किडे आपल्या नजरेतून सुटतात आणि पुढच्या पंधरवड्यात शेंडा काळा किंवा हिरवट दिसू लागल्यावर ‘एका रात्रीत आला’ असे आपण म्हणतो.

ढगाळ हवेत नेमके काय घडते? कडक उन्हाचा चटका नसतो, तापमान मध्यम राहते, हवेत ओलावा असतो. आणि मुख्य म्हणजे माव्याला झाडावरून झोडपून खाली पाडणारा पाऊस नसतो. जोराची सर आली तर याच्या अगदी उलट परिणाम होतो. म्हणून ‘आभाळ होते’ आणि ‘पाऊस झाला’ या दोन गोष्टी गप्पांत वेगळ्या सांगितल्या गेल्या पाहिजेत. माव्याच्या दृष्टीने त्या परस्परविरोधी आहेत. आणखी एक गोष्ट बोलण्यात सहसा येत नाही, ती म्हणजे आपण घातलेले खत. नत्राचा हात सैल सुटला की झाड लुसलुशीत होते आणि माव्याला असेच झाड हवे असते. मावा वाढलेला दिसला तर मागच्या दोन आठवड्यांत युरिया किंवा पेंड किती घातली, हे आठवून पाहावे.

दिल्ली आणि उत्तरेच्या मैदानी भागात हीच गोष्ट जानेवारी-फेब्रुवारीत मोहरीवर दिसते. सरसोंच्या सागासाठी कोवळी पाने व शेंडे खुडणारा हात सर्वांत आधी मावा पाहतो, कारण मोहरीवरचा मावा फुलोऱ्याच्या दांड्यावर दाटीने बसतो. ‘आज साग धुताना पाण्यावर हिरवे कण तरंगले’ असे कोणी म्हणाले, तर ती त्या बागेतील माव्याची पहिली नोंद समजावी. ‘कुंडीवर मुंग्या फार झाल्या’ ही तक्रारही अशीच. मुंग्या पुष्कळदा माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी आलेल्या असतात आणि त्या बदल्यात त्या माव्याच्या शत्रूंना हुसकावतात. मुंग्यांची रांग दिसली की तिचा माग काढत पानाच्या मागची बाजू पाहावी. मुंग्यांना मारण्याची घाई करू नये.

माव्याच्या शत्रूंविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण परसबागेतील बहुतेक घोटाळे येथे होतात. ढालकिडे, म्हणजेच लेडीबर्ड भुंगेरे, आणि सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात. पण त्या माव्यानंतर येतात. भक्ष्य पुरेसे झाल्याखेरीज त्यांच्या माद्या तेथे अंडी घालत नाहीत. त्यामुळे मावा दिसल्यावर आठवडाभर तरी ‘कोणीच मदतीला नाही’ अशी स्थिती असते आणि नेमकी त्याच आठवड्यात फवारणी होते. मावा मरतो, नुकतेच आलेले ढालकिडेही मरतात. उरलेला मावा मग निर्धास्तपणे वाढतो. दुसरा घोटाळा ओळखीचा. प्रौढ ढालकिडा सर्वांना ठाऊक असतो, पण त्याची अळी काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली आणि एखाद्या चिमुकल्या मगरीसारखी दिसते. ‘माव्याबरोबर आता दुसरीच काटेरी अळी आली’ असे घाबरून सांगणारे अनेक जण भेटतात. ती अळी मारू नये.

ठिपके असलेला प्रत्येक भुंगेरा मात्र मित्र नव्हे. वांगे व बटाटा यांच्या पानांवर 28 ठिपक्यांचा एक भुंगेरा येतो. त्याची पाठ चकचकीत नसते, तिच्यावर बारीक लव असते. त्याची पिवळी काटेरी अळी पानाचा हिरवा भाग खरवडून जाळी करून ठेवते. पाठ गुळगुळीत व चमकदार आणि जवळपास मावा असेल तर मित्र. पाठ मळकट, लवयुक्त आणि पानाला जाळी असेल तर कीड, एवढा फरक घरगुती बागेला पुरेसा आहे.

उपाय साधेच आहेत. सकाळी पाण्याची जोरकस धार शेंड्यांवर दोन-तीन दिवस सलग मारावी. फारच भरलेला शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावा. सौम्य साबणाचे पाणी फवारायचे झाल्यास एक लिटरला 5 मिलीपेक्षा अधिक साबण नको, आणि तेही आधी एका पानावर घालून दुसऱ्या दिवशी पाहावे. कपडे धुण्याच्या पावडरीने पाने भाजतात.

नक्षत्रे गावाप्रमाणे बदलतात

हवामानाच्या गप्पांत एक जोखीम आहे. मृगात पेरावे, आर्द्रात रोपे लावावीत, हस्ताचा पाऊस कसा पडला हे पाहावे, हा हिशेब महाराष्ट्रातील माणूस नोकरीनिमित्त कुठेही गेला तरी बरोबर नेतो. सूर्यनक्षत्रांचा हा हिशेब एकट्या महाराष्ट्राचा नाही. केरळात त्यालाच ञाट्टुवेला म्हणतात, आणि आर्द्रा नक्षत्राची ‘तिरुवातिरा ञाट्टुवेला’ तेथे मिरवेलीची व इतर झाडांची छाटे लावण्यास उत्तम मानली जाते. जूनच्या अखेरीस दोन्हीकडे नैर्ऋत्य मोसमी पाऊस असल्याने हे जुळते. पण चेन्नईच्या गच्चीवर तोच हिशेब लावला तर फसगत होते. तमिळनाडूच्या किनारपट्टीला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. जून-जुलै तेथे बराच उष्ण असतो. पुण्यातील बहिणीने ‘आता फुलकिडे जातील, पाऊस लागला’ असे सांगितले तरी चेन्नईतील भावाच्या मिरचीवर ते तेव्हाच वाढत असतात. म्हणून किडीविषयीचा सल्ला पुढे पाठवताना त्यासोबत गाव आणि महिना लिहावा. स्थळकाळ गाळलेला सल्ला कितीही अनुभवी माणसाचा असला तरी निम्म्या किमतीचा होतो.

बाळफळे का गळतात

‘फुले येतात, फळ धरत नाही’ ही वेलवर्गीय भाज्यांची देशभराची तक्रार आहे. दुधी, दोडका, कारले, पडवळ, भोपळा, काकडी, सर्वांची. येथे ‘काय फवारू’ हा प्रश्न विशेषच घातक ठरतो, कारण गळ होण्याची दोन अगदी भिन्न कारणे आहेत आणि त्यांपैकी एका कारणावर फवारणी केली तर गळ वाढते.

गळलेले बाळफळ उचलून उभे चिरावे. आत काहीच नसेल, फळ देठाकडून किंवा टोकाकडून पिवळे पडत आक्रसले असेल, तर बहुतेक वेळा परागीभवन झालेले नाही. या वेलींवर नर व मादी फुले वेगळी असतात. मादी फुलामागे इवलेसे फळ असते, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीची फुले प्रायः नरच असतात, तेव्हा पहिल्या आठवड्यातील ‘फळ धरत नाही’ ही चिंता निराधार समजावी. पुढे मादी फुले आली, तरी नराचा पराग तिथवर नेण्यास कीटक लागतात. संततधार पाऊस असला की मधमाश्या फिरत नाहीत. उंच इमारतीच्या बाल्कनीत तर कीटकांची वर्दळ मुळातच कमी असते. अशा वेळी नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावा. यात वेळेचे भान महत्त्वाचे. तांबडा भोपळा, काकडी, कारले आणि घोसाळे यांची फुले सकाळी उमलतात. भोपळ्याचे फूल तर दुपारपूर्वीच मिटू लागते. दुधी आणि दोडका यांची फुले दिवस कलताना, संध्याकाळी उमलतात. दुधीच्या पांढऱ्या फुलांकडे तिन्हीसांजेला पतंग येतात. सकाळी आठ वाजता दुधीचे मिटलेले फूल हाती घेऊन ‘हाताने परागीभवन करूनही उपयोग झाला नाही’ असे म्हणणे व्यर्थ आहे.

फळ चिरल्यावर आत पांढऱ्या, बिनपायांच्या, टोकदार तोंडाच्या अळ्या वळवळत असतील, किंवा सालीवर सुईच्या टोचणीएवढा डाग व त्यावर डिंकाचा थेंब असेल, तर ती फळमाशी. मादी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळ्या आत गर खातात, मग बाहेर पडून जमिनीत काही सेंटिमीटर खोल कोषात जातात. हे एकदा ध्यानात आले की फवाऱ्याने आतल्या अळीला काही होत नाही हेही ध्यानात येते. त्यापेक्षा फूल गळताच बाळफळाला कागदी किंवा जाळीदार पिशवी बांधणे घरच्या बागेत सहज शक्य आहे. शेतकऱ्याला ते एकरभर करता येत नाही, आपल्याला पाच फळांना करता येते. गळलेली फळे रोज वेचून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून काही दिवस उन्हात ठेवावीत. ती वेलाखाली पडू देणे किंवा उघड्या खतखड्ड्यात टाकणे म्हणजे माश्यांची पैदास घरी करणे होय.

सापळा घेतानाही एक गफलत हमखास होते. बाजारात फळमाशीचे म्हणून जे सापळे मिळतात त्यांत दोन प्रकारची आमिषे असतात. मिथिल युजेनॉल हे आंबा, पेरू यांवरील फळमाशीच्या नरांना खेचते. वेलभाज्यांवरील फळमाशीचे नर त्याला दाद देत नाहीत, त्यांना क्यू-ल्यूर हे आमिष लागते. दुधीच्या मांडवाखाली मिथिल युजेनॉलचा सापळा टांगला तर त्यात माश्या भरपूर पडतात आणि कारली-दुधी तशीच किडत राहतात. (तुळशीतही मिथिल युजेनॉल असते. तुळशीच्या पानावर कधी कधी फळमाश्या बसलेल्या दिसतात त्याचे कारण हेच. त्या तुळस खायला आलेल्या नसतात.)

विळीवरचे वांगे

वांग्याच्या बाबतीत सर्वांत चांगला कीड-सर्वेक्षक स्वयंपाक करणारी व्यक्ती असते. शेंडे व फळे पोखरणारी अळी अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात शेंड्यात, देठात किंवा फळात शिरते आणि शिरल्याचे छिद्र विष्ठेने बुजवते. ते छिद्र इतके बारीक असते की फळ निर्दोष दिसते. पूर्ण वाढलेली अळी कोषात जाण्यासाठी बाहेर पडते तेव्हाच मोठे, स्पष्ट भोक दिसते. याचा अर्थ असा की भोक असलेल्या वांग्यातून अळी पुष्कळदा निघून गेलेली असते आणि ‘वरून सुरेख’ वांग्यात ती अजून असू शकते. म्हणूनच भरीत असो, बिहारचा चोखा असो की पंजाबचा भरता, सबंध भाजण्यापूर्वी वांग्याला उभा छेद देऊन आत पाहण्याची जुनी पद्धत अत्यंत योग्य आहे.

पावसाळ्यात वांगी अधिक किडतात, हेही सर्वतोमुखी असते. उष्ण व दमट हवेत या किडीच्या पिढ्या एकापाठोपाठ एक येतात, थंडीत तिची वाढ मंदावते. उत्तर भारतात हिवाळ्यात प्रादुर्भाव बराच घटतो. चातुर्मासात वांगे वर्ज्य करून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने ते पुन्हा सुरू करण्याच्या आपल्याकडील रीतीशी याचा संबंध अनेक जण जोडतात. त्या रीतीचा उगम किडीत आहे असा दावा मी करणार नाही. व्रतांना त्यांची स्वतःची कारणे असतात. पण ज्या महिन्यांत वांगे टाळले जाते ते महिने या अळीचे भराचे महिने आहेत, एवढे कीटकशास्त्र निश्चित सांगते.

चिरताना मिळणारी माहिती झाडापर्यंत पोचली पाहिजे. आठवड्यात चिरलेल्या वांग्यांपैकी किती किडकी निघाली, एवढी नोंद दिनदर्शिकेवर करावी. आकडा वाढू लागला की झाडाकडे जाऊन मलूल, खाली मान टाकलेले शेंडे शोधावेत. भोवतीची पाने टवटवीत आणि एखादाच शेंडा सुकलेला असेल तर त्यात अळी आहे. तो इंच-दीड इंच खालून कापून नष्ट करावा. कापून झाडाखालीच टाकला तर अळी बाहेर येऊन तिथल्याच पालापाचोळ्यात कोष करते. दर आठवड्याला केलेली ही छाटणी आणि शेजारच्या चार-दोन घरांनी मिळून लावलेला कामगंध सापळा, यांचा उपयोग फवाऱ्यापेक्षा अधिक होतो, कारण अळी आत शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही.

मिरचीचे थोडक्यात. ‘पाने गोळा झाली’ एवढेच सांगून भागत नाही. ती कोणत्या बाजूला वळली ते सांगावे. कडा वर वळून पान होडीसारखे झाले असेल तर फुलकिड्यांचा संशय घ्यावा, कोरड्या व उष्ण हवेत ते वाढतात. कडा खाली वळून देठ लांबट झाले असतील तर कोळी. कोळी हा कीटक नव्हे; कीटकांवरची पुष्कळ औषधे त्याच्यावर चालत नाहीत आणि काही औषधांनी तर त्याचे शत्रू मरून तो वाढतो. ज्या झाडाची पाने लहान, जाड व गुच्छासारखी होऊन वाढच थांबली आहे, तेथे पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असण्याचा संभव असतो. भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचे जाळे दिसणे, ज्याला केवडा किंवा हळद्या म्हणतात, तोही असाच पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणुरोग. विषाणू शिरलेल्या झाडाला औषध नाही. ते झाड उपटून टाकल्याने इतर वाचतात. फिकट पडलेली भेंडी चिवट लागते, पण वनस्पतींचा हा विषाणू माणसाला बाधत नाही, तेव्हा हाती आलेल्या शेंगा शिजवून खाण्यास हरकत नाही.

टोपणभर औषधाचे गणित

आता ज्या कारणासाठी हा सारा खटाटोप करायचा ते कारण. शेतातील पिकासाठी नोंदलेले कीटकनाशक परसबागेत का बसत नाही, हे दोन साध्या हिशेबांनी स्पष्ट होते.

पहिला हिशेब मात्रेचा. समजा एखाद्या औषधाच्या वेष्टनावर हेक्टरी 100 मिली, 500 लिटर पाण्यातून, असे लिहिले आहे. म्हणजे लिटरला 0.2 मिली. दहा कुंड्यांना लागणाऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात 0.1 मिली, जेमतेम दोन थेंब. घरात इतके बारीक मोजण्याचे साधन नसते. मग ‘टोपणभर टाका’ असे सांगितले जाते. टोपण 5 मिलीचे धरले तरी मात्रा पन्नासपट होते. शेतकऱ्याकडून असे क्वचित घडेल, कारण औषधाचा खर्च त्याला आवरतो; परसबागेत तो आवर नसतो.

दुसरा हिशेब दिवसांचा. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर प्रतीक्षा कालावधी दिलेला असतो, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही. भेंडी फूल उमलल्यापासून साधारण पाच-सहा दिवसांत तोडणीला येते आणि दोन दिवस राहिली की जून होते. म्हणून ती एक दिवसाआड तोडावी लागते. प्रतीक्षा कालावधी सात दिवसांचा असेल तर मधल्या तीन तोडण्या फेकून द्याव्या लागतील. गप्पांत आजवर ‘फवारले म्हणून तीनदा भेंडी टाकून दिली’ असे वाक्य माझ्या ऐकण्यात नाही. ‘परवाच औषध मारले, आज कशी कोवळी निघाली बघा’ हे वाक्य मात्र पुष्कळदा कानी पडते. ‘धुऊन घेतली’ हे त्यावरचे समाधान अर्धवट आहे. पृष्ठभागावरचे औषध धुण्याने कमी होते. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात मिसळलेले असते, ते धुऊन जात नाही.

काही औषधांबाबत तर प्रश्नच उरत नाही. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावर वापर करण्यास भारतात 2005 पासून बंदी आहे. तरीही गावाकडून ‘कापसाचे उरलेले’ म्हणून कुंड्यांसाठी शीतपेयाच्या बाटलीतून औषध आणणारे आढळतात. औषध मूळ वेष्टनातून काढून दुसऱ्या बाटलीत भरणे हा घरातील मुलांच्या जिवाशी खेळ आहे. वेष्टनावरील चौकटीत लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो, लाल म्हणजे अत्यंत विषारी. बाटली बदलली की ही खूणही जाते. झुरळे-डासांसाठीचा फवारा मिरचीवर मारणे हाही तितकाच चुकीचा प्रकार. तो खाद्यपिकासाठी नोंदलेलाच नसतो.

फवारायचेच असेल तर निंबोळी अर्क परसबागेस मानवतो. 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळीच्या गराची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, एकूण पाणी एक लिटर करावे आणि चिमूटभर साबण मिसळावा. त्यातील अझाडिरेक्टिन उन्हाने लवकर निष्प्रभ होते, म्हणून फवारणी त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर करावी. हा अर्क कीड तत्काळ मारत नाही, तिचे खाणे आणि कात टाकणे बिघडवतो. दुसऱ्या दिवशी मावा तसाच दिसला म्हणून मात्रा वाढवू नये. वांग्यात शिरलेल्या अळीवर याचाही उपयोग नाही. दुधी-दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, हे येथेही लक्षात ठेवून उमलत्या फुलांवर फवारा जाऊ देऊ नये.

कोबी-फुलकोबीसाठी बेंगळूरू येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने सुचवलेला सापळा पिकाचा उपाय घरीही करता येतो : कोबीच्या आधी व मध्ये मोहरीची काही रोपे लावायची, चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या माद्या अंडी घालण्यास मोहरी पसंत करतात, आणि किडलेली मोहरी वेळीच काढून टाकायची. तरी उरलेल्या अळ्यांसाठी गड्डा सुटा करून मिठाच्या पाण्यात ठेवण्याची स्वयंपाकघरातील पद्धत आहेच. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती फुलपाखराची असते. हाताने उचलून शेजारच्या लिंबाच्या मोठ्या झाडावर सोडावी, तिचे तिथेही भागते आणि आपली फोडणीही वाचते.

नवा पाहुणा दिसला तर

गप्पांतील सर्वांत मोलाचे वाक्य ‘असे कधी पाहिले नव्हते’ हे आहे. 2008 मध्ये कोइमतूर येथे पपईवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण प्रथम नोंदला गेला. मूळचा मध्य अमेरिकेकडचा हा कीटक पपईवरून जास्वंद, तुती, टॅपिओका अशा अनेक झाडांवर पसरला आणि महाराष्ट्रातही पोचला. अंगावरील मेणचट आवरणामुळे फवारण्या त्याच्यावर फारशा चालल्या नाहीत. 2010 मध्ये बेंगळूरू येथील राष्ट्रीय कीटक ब्यूरोने प्वेर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्यांच्या तीन जाती आणवल्या. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपाये ही मिलिमीटरभरही लांब नसलेली माशी पिठ्या ढेकणाच्या शरीरात अंडी घालते. ती सोडल्यानंतर काही महिन्यांतच प्रादुर्भाव ओसरू लागला. ज्या अंगणांत तेव्हा पिठ्या ढेकणावर वारंवार कीटकनाशक मारले जात होते, तेथे ही माशीही मरत होती.

असा अनोळखी कीटक दिसल्यास त्याची छायाचित्रे घ्यावीत : एक पूर्ण झाडाचे, एक पानाच्या वरच्या व एक खालच्या बाजूचे, आणि एक कीटकाचे, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळतो. दिनांक, गाव, पीक, मागच्या आठवड्यातील हवा आणि आजवर काय फवारले ते एका ओळीत लिहावे. ही छायाचित्रे जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रास किंवा जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागास दाखवावीत. नमुना न्यायचा झाल्यास घट्ट झाकणाच्या बाटलीत न्यावा. किडलेली फांदी उघडी धरून बसमधून नेऊ नये, आणि त्या झाडाचे छाट किंवा रोप, कितीही आग्रह झाला तरी, दुसऱ्या गावच्या पाहुण्याला देऊ नये.